ओढलं की उचललं

विक्रोळी पूर्व
९ फेब्रुवारी २०२४

अस्मिता,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नाही. फोन केला तर माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलेलं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कधी फिरेल सांगता येत नाही. म्हणून कागद घेतला.

काल दुपारी पोलीस घरी आला होता. माझ्या भावाला, नितेशला जबाबाला बोलावलंय. दहाव्या मजल्यावरच्या सुबोधला, धवलला आणि वॉचमन भाऊरावांनासुद्धा. का, तर तुझ्या बाबांना जिन्यावरून खाली नेताना या चौघांनी निष्काळजीपणा केला. तक्रार बिल्डरने दिलीय आणि पुरावा म्हणून जोडलाय तुझा अर्ज. बिल्डरने लिफ्ट बंद ठेवली म्हणून तू हैदराबादहून लिफ्ट खात्याला इंग्रजीत पाठवलास ना, तोच. त्यात तू लिहिलंयस, 'माय फादर वॉज ड्रॅग्ड डाऊन इलेव्हन फ्लोअर्स.' पोलिसाने ते वाक्य मराठीत करून वाचलं. म्हणाला, "फरफटत नेले, असं त्यांच्या मुलीनेच लिहिलंय."

फरफटत. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कोणाला फरफटत नेलं म्हणून विचारायला लागली. तिला काय सांगू?

तू त्या दिवशी इथे नव्हतीस. मीही मुलुंडला लॅबमध्ये होते, पण मला माहितेय काय झालं ते. दिवाळीपासून लिफ्टवर 'काम चालू आहे' अशी पाटी. भरदुपारी काकांना श्वास लागला. अँब्युलन्सवाल्याने स्ट्रेचर पाहिलं, जिना पाहिला आणि म्हणाला, हे वळणार नाही, पेशंटला खाली आणा. या चौघांनी काकांना खुर्चीत बसवलं आणि खाली आणलं. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा नितेशला चहाचा कप धरता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेले. तुझं विमान येईपर्यंत सगळे थांबले आणि मग याच चौघांनी खांदा दिला. खांदा देण्याला तुझ्या इंग्रजीत काय म्हणतात मला माहीत नाही. ड्रॅग तरी म्हणत नसतील.

आणि हे पण ऐक. नितेशची मेट्रोत निवड झालीय. पोलीस पडताळणी तेवढी राहिलीय. आता या प्रकरणात त्याचं नाव आलं तर त्या नोकरीची वाट लागली. तीन वर्षं अभ्यास करत होता यार तो.

तो शब्द बदल. कॅरी लिही, उचललं लिही, काय वाटेल ते लिही. पण बदल.

अक्षता


हैदराबाद
१६ फेब्रुवारी २०२४

अक्षता,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझा राग आला. मग बिल्डरचा आला, मग माझा.

तुला वाटतं मी पहिला सुचला तो शब्द ठोकून दिला. मी काय काम करते ते तुला ठाऊक आहे. मुलांसाठी इंग्रजीचे धडे लिहिते. सारख्या वाटणाऱ्या शब्दांतला फरक समजावून सांगायचा, हेच दिवसभर करते. बाबांबद्दलच्या त्या एका वाक्यावर मी दोन संध्याकाळी बसले होते.

आधी कॅरीच लिहिलं होतं. वाचून पाहिलं तर ते इतकं हलकं वाटलं की माझंच डोकं फिरलं. डबा कॅरी करतात, छत्री कॅरी करतात. अकराव्या मजल्यावरून गुदमरणारा माणूस खाली नेण्याला तोच शब्द? मग लग लिहिलं. ते जड बॅगा कुरकुरत नेण्याला म्हणतात, आणि माझे बाबा काही सुटकेस नव्हते. हॉल म्हणजे जोराने ओढून नेणं, पण ते म्हटलं की डोळ्यांसमोर ट्रक येतो, नाहीतर मासळीचं जाळं. हीव म्हणजे जोर लावून एका दमात उचलायचं, गोणी उचलतात तसं. बेअर चांगला होता, त्यात भारही आहे आणि सोसणंही आहे, पण तो जुना, पुस्तकी शब्द. बिल्डरला वाटलं असतं बाई कविता करतेय. लिफ्ट म्हणजे उचलणं हेही मी शिकवते, आणि तीच तर तुमच्याकडे बंद होती. शेवटी ड्रॅग लिहिलं. वाचणाऱ्याला लाज वाटावी म्हणून लिहिलं.

त्या वाक्यात कोणी ओढलं ते मी लिहिलंच नाही. माझ्या मनात तिथे बिल्डर होता. ती जागा मोकळी राहिली आणि त्यांनी त्यात नितेशचं नाव भरलं. हे मला आधी कळायला हवं होतं. नाही कळलं.

पण आता माझाही प्रश्न ऐक. ड्रॅग मी हवेतून काढलेला नाही. हॉस्पिटलच्या कागदावर डावी टाच सोलवटल्याचं लिहिलंय. खुर्चीत बसवून उचललेल्या माणसाची टाच कशी सोलवटते? आणि आई मला फोनवर म्हणाली होती, "ओढत नेलं गं त्यांना." एवढंच. पुढे काही विचारलं की ती देवाचं काहीतरी काढते नाहीतर फोन ठेवते. तेराव्यापर्यंत मी तिथे होते. तुम्ही सगळे माझ्याशी चांगले वागलात, पण जिन्याचा विषय निघाला की प्रत्येकाला काहीतरी काम आठवायचं. मी आंधळी नाहीये.

तुम्ही बाबांना पाडलंत का? मला खरं सांग. मग मी शब्दाचं बघते.

अस्मिता


विक्रोळी पूर्व
२७ फेब्रुवारी २०२४

अस्मिता,

पाडलं नाही. ओढलं. हो, ओढलं.

मागचं पत्र लिहिताना मला हे माहीत नव्हतं. नितेशने घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. पोलीस ठाण्यात गेला आणि तिथे त्याने आधी सांगितलं, मग घरी येऊन मला. माझा भाऊ माझ्यापासून लपवतो आणि हवालदाराला सांगतो. मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. आता ऐक.

अकराव्यापासून आठव्यापर्यंत त्यांनी काकांना खुर्चीतूनच आणलं. दोघे पुढे, दोघे मागे. सुबोध खाली पाठ करून उलटा उतरत होता. काकू मागून फाइल आणि काकांच्या चपला घेऊन. सातव्या मजल्याच्या वळणावर टाईल्सची खोकी आणि सिमेंटच्या गोण्या रचलेल्या होत्या. तिथल्या दोन रिकाम्या फ्लॅटचं काम बिल्डरने काढलं होतं. एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट उरलेली. खुर्चीचे हात त्यात अडकले. त्यांनी खुर्ची गोण्यांच्या वरून न्यायला बघितली, तर मागचा पाय वाकला आणि काका भिंतीकडे कलंडले. धवलने त्यांना छातीशी धरलं म्हणून वाचले. गोण्या हटवायला वेळ नव्हता, काकांचे ओठ काळे पडायला लागले होते.

मग त्यांना चादरीवर निजवलं आणि ओढलं. गोण्यांच्या बाजूने आणि पुढचा अर्धा जिना. नितेश डोक्याकडे होता, त्याने मान दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. टाच लागली ती खोक्याच्या कडेला. सहाव्या मजल्यावर जागा मिळाली, तिथे परत खुर्चीत घेतलं आणि खाली आणलं.

नितेश म्हणतो, ओढायचं मीच ठरवलं, बाकीच्यांनी माझं ऐकलं. जबाबात तसंच लिहून दिलंय त्याने. मी त्याला विचारलं, अरे गप्प राहिला असतास तर काय बिघडलं असतं. तर म्हणतो, "ताई, त्यांचं डोकं माझ्या हातात होतं."



गोण्या दुसऱ्याच दिवशी गायब. आम्ही स्मशानातून परत आलो तर सातवा मजला झाडून पुसून चकाचक. तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नाही. आता आठवतं आणि डोकं फुटायची वेळ येते.

तर हे आहे तुझं खरं. आता बघ शब्दाचं.

अक्षता


हैदराबाद
२८ फेब्रुवारी २०२४

अक्षता,

तुझ्या उत्तराची वाट बघून कंटाळले. दोन आठवड्यांत एक ओळ नाही म्हणजे तू माझ्या प्रश्नावर भडकली असणार, आणि भडकायला तुला हक्क आहे. पाडलंत का, असं मी लिहायला नको होतं.

मी काल लिफ्ट खात्याला दुसरा अर्ज पाठवला आणि बिल्डरला त्याची प्रत. स्पष्ट लिहिलंय की आधीचा शब्द चुकून पडला. शेजाऱ्यांनी माझ्या वडिलांना खुर्चीतून शेवटपर्यंत उचलून नेलं, त्यांचे पाय एकदाही जमिनीला लागले नाहीत. कॅरीड, ऑल द वे. या वेळी कर्ता पण घातलाय, चौघांची नावं लिहिलीत. आता कोणाला त्यात काही घुसवायला जागा नाही.

टाचेचं मी सोडून दिलं. हॉस्पिटलातही लागली असेल. नितेशला मी तो शाळेत जायला लागला तेव्हापासून ओळखते. तो माझ्या बाबांना ओढणार नाही.

त्याची पडताळणी झाली की कळव.

अस्मिता


विक्रोळी पूर्व
८ मार्च २०२४

अस्मिता,

शाबास.

तुझं पत्र मला मिळालं आणि माझं तुला मिळालं असेल, तोवर सगळं होऊन गेलं होतं. बिल्डरच्या वकिलाकडे आता दोन कागद आहेत. एकात नितेश स्वतः म्हणतो ओढलं. दुसऱ्यात तू म्हणतेस पाय जमिनीला लागलेच नाहीत. त्याने लिफ्ट खात्याला उत्तर दिलंय की तक्रारदार बाई आणि हे चौघे मिळून गोष्टी रचतायत, यांच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवू नये. पोलिसांनी नितेशला परत बोलावलं. विचारलं, मुलगी खोटं बोलतेय की तू? मेट्रोच्या ऑफिसातून त्याला कळवलंय की पडताळणी होईपर्यंत थांबा.

तुला आमच्यासाठी खोटं लिहायला कोणी सांगितलं होतं? आता म्हणशील तूच सांगितलंस, कॅरी लिही म्हणून. हो, सांगितलं. तेव्हा मला ते खरं वाटत होतं. तुला तर शंका होती ना? टाच होती, काकूंचं बोलणं होतं, तरी तू छातीठोक लिहून दिलंस की शेवटपर्यंत उचललं. तू जिथे नव्हतीस तिथलं दोनदा लिहिलंस आणि दोन्ही वेळा आम्हाला खड्ड्यात घातलंस.

वकिलाच्या उत्तराची झेरॉक्स सोबत जोडलीय. वाच आणि मजा कर. सातव्या मजल्यावर अडथळा नव्हताच म्हणे. सामान त्याच दिवशी सकाळी 'प्रॉपर्ली होइस्टेड' होतं आणि भिंतीला लागून 'केअरफुली' रचलेलं होतं. सिमेंटच्या गोण्यांना केअरफुली. काकांना अनट्रेन्ड पर्सन्सनी ड्रॅग केलं. किती छान इंग्रजी आहे ना, तुमच्या धड्यात घ्या.

२१ तारखेला चौकशी आहे. लिफ्ट खात्याच्या मॅडमसमोर. तू तक्रारदार, तुला यावंच लागेल. काकूंना नितेश घेऊन येईल. मी येणार नाही. सुट्टी नाही असं सांगणार आहे, पण खरं कारण ते नाही. मला तुझं तोंड बघायचं नाही.

अक्षता


हैदराबाद
२५ मार्च २०२४

अक्षता,

तुझ्या दारावर मी बेल वाजवली तेव्हा तुझ्या चपला बाहेर होत्या. विमलाकाकूंनी सांगितलं तू कामावर आहेस, आणि मग मला ताटावर बसवलं. मी नको म्हणत होते तर म्हणाल्या, "जेवल्याशिवाय जाव नको गो." आतल्या खोलीत पंखा चालू होता. मी तुझ्याच घरात, तुझ्या आईच्या हातची सोलकढी पिऊन आले आणि तू पडद्यामागे बसून राहिलीस. त्याबद्दल मी काही बोलत नाही. चौकशीत काय झालं ते मात्र तुला माझ्याकडून कळायला हवं. नितेश नीट सांगणार नाही, तो स्वतःचं सगळं गाळेल.

संघमित्रा मॅडम म्हणून अधिकारी होत्या. फार बोलत नाहीत, ऐकतात आणि लिहितात. त्यांनी माझे दोन्ही अर्ज टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, यातला खरा कुठला. अख्ख्या प्रवासात मी याच प्रश्नाचं उत्तर तयार करत आले होते. उभी राहिले आणि ते सगळं विसरले. म्हटलं, एकही नाही. मी त्या दिवशी हैदराबादला होते. पहिला रागात लिहिला आणि दुसरा घाबरून. दोन्ही बाजूला ठेवा आणि जे तिथे होते त्यांना मराठीत विचारा.

वकील हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नितेशला बोलावलं.

त्याने सगळं सांगितलं, तुझ्या पत्रात आहे तसंच. कुठेही आवाज चढवला नाही. वकिलाने त्याला विचारलं, म्हणजे ओढल्याचं कबूल आहे? तो हो म्हणाला. गोण्या होत्या म्हणून ओढलं, हेही सांगितलं. वकिलाने लगेच आपलं उत्तर वाचून दाखवलं. सामान प्रॉपर्ली होइस्टेड होतं, वाट मोकळी होती, वगैरे.

तुझं ते पत्र आणि झेरॉक्स आल्यापासून हा शब्द मला टोचत होता. मी मॅडमना विचारून बोलले. म्हटलं, होइस्ट म्हणजे नुसतं वर नेणं नाही. माणूस पाठीवर गोणी घेऊन जिना चढला तर त्याला कोणी होइस्ट म्हणत नाही. दोराने, कप्पीने, कसल्यातरी यंत्राने वर घेतलं तर म्हणतात. इमारतीच्या बाहेरून कसली कप्पी लावली होती? बिल्डरचा सुपरवायझर शेजारीच बसला होता. मॅडमनी त्याला विचारलं, गोण्या सातव्या मजल्यावर कशा गेल्या. तो वकिलाकडे बघायला लागला. त्यांनी परत विचारलं. मग म्हणाला, लिफ्टने.

अक्षता, लिफ्ट चालत होती. चावी त्याच्याकडे होती. पाटी आपल्यासाठी होती. सकाळी त्या लिफ्टने टाईल्स वर गेल्या आणि दुपारी माझे बाबा त्या टाईल्सच्या बाजूने चादरीवर खाली आले.

वकील म्हणाला, मॅडम, एका शब्दावरून असा अर्थ काढू नका, क्लार्कने टाईप केलंय. मला त्या क्षणी त्याचा गळा धरावासा वाटला. एवढंच म्हणाले, "माझ्या एका शब्दावरून तुम्ही चार माणसांना पोलीस ठाण्यात बसवलंत."

मॅडमनी ते लिहून घेतलं का माहीत नाही, पण लिफ्टचं सगळं लिहून घेतलं. सुपरवायझरची सही घेतली. मग त्यांनी नितेशला विचारलं, ओढायचा निर्णय तुझा एकट्याचा होता का. तो हो म्हणाला.

तेव्हा आई उठली. मी तिला इतक्या महिन्यांत सरळ उभी राहिलेली पाहिली नव्हती. म्हणाली, "तो खोटं बोलतोय. मी सांगितलं ओढायला."

कोणालाच काही कळेना. तिने पुन्हा सांगितलं. गोण्यांपाशी चौघे थबकले. नितेश म्हणत होता, काकांना असं कसं खाली ठेवायचं. सुबोध म्हणत होता, आधी गोण्या काढू. ते कुजबुजत राहिले आणि बाबांचा आवाज यायचा बंद झाला. मग हिने खुर्चीवरची चादर ओढून जमिनीवर पसरली आणि म्हणाली, ह्यांना ठेवा आणि ओढा, मी त्यांची बायको आहे, मी सांगतेय. नितेशने तेव्हाच तिला शब्द दिला होता की हे कोणाला कळू देणार नाही. म्हणून तो स्वतःवर घेत होता. पोलिसांसमोर घेतलं, तुझ्यासमोर घेतलं, तिथेही घेत होता.

बाहेर आल्यावर मी आईवर ओरडले. ऑफिसच्या दारात, रिक्षावाल्यांसमोर. मला का नाही सांगितलंस म्हणून. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू कोणी ओढलं ते विचारत होतीस. का ओढलं ते एकदा तरी विचारलंस?"

मी तिच्याशी हैदराबादला चल म्हणून पुन्हा भांडले. ती नाही म्हणाली. मग नितेश आणि मी तिला घेऊन अकरा मजले चढलो. प्रत्येक मजल्यावर ती बसत होती. सातव्यावर मात्र बसली नाही.

तुझ्या रागाचं काय करायचं ते तू ठरव. माझा राग कमी झालेला नाही, पण आता तो कोणावर आहे हे मला नक्की कळलंय आणि त्यात तू नाहीस. नितेश तर नाहीच नाही.

अस्मिता


विक्रोळी पूर्व
२८ एप्रिल २०२४

अस्मिता,

हो, आत होते. तू सोलकढी दुसऱ्यांदा मागितलीस तेही ऐकलं. बाहेर यायला निघाले होते, पण आले असते तर तुला आधी शिव्या दिल्या असत्या आणि मग गळ्यात पडून रडले असते, आणि आईसमोर मला दोन्ही नको होतं.

नितेशने मला हे काहीच सांगितलं नव्हतं. तुझं पत्र त्याच्यासमोर टाकलं तर म्हणाला, काकूंनी सांगितलं काय आणि मी सांगितलं काय, हात तर आमचेच होते. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पोलिसांनी चौघांचं प्रकरण बंद केलं. तसा कागद मिळालाय. मेट्रोला तो नेऊन दिला, पण त्याच्याबरोबरची पोरं आधीच ट्रेनिंगला गेली. आता पुढच्या यादीपर्यंत थांबायचं. पुढची यादी कधी, ते तिथे कोणी सांगत नाही.  तो सकाळी उठून घाटकोपरला एका क्लासमध्ये गणित शिकवायला जातो. आई त्याला रोज मासे करून घालते, जसं काही त्याने ती जागा जिंकलीय. मला बिल्डरचं ऑफिस दिसलं की अजून वाटतं दगड उचलावा.

लिफ्टचं सांगते. चौकशीनंतर लिफ्ट खात्याची माणसं येऊन तपासून गेली. परवानगी नसताना सामान नेल्याबद्दल बिल्डरला नोटीस लागली. आणि मग काय जादू झाली बघ. दिवाळीपासून जे होत नव्हतं ते महिन्याभरात झालं. म्हणजे आधीही होत होतं. फक्त करायचं नव्हतं.

काल सकाळी लिफ्ट सुरू झाली. बिल्डरने त्याचाही सोहळा केला. लॉबीत झेंडूच्या माळा, लाल रिबन, कॅमेरावाला. तोच सुपरवायझर इस्त्रीचा शर्ट घालून पेढे वाटत होता. आम्ही सगळे होतो. सुबोध आणि धवल मागे हाताची घडी घालून. भाऊरावांना त्यांनी खुर्च्या मांडायला लावल्या होत्या.

आणि रिबन कापायला बोलावलं कोणाला? तुझ्या आईला. आदल्या दिवशी माणूस घरी पाठवला होता, ज्येष्ठ रहिवासी म्हणून तुमचा मान. मला वाटलं काकू येणारच नाहीत. मी नितेशला म्हटलंही, आपण जाऊन त्यांना थांबवूया. तो म्हणाला, त्यांना कोणी थांबवत नाही ताई.

काकू आल्या. अकरा मजले जिन्याने उतरून आल्या, लिफ्ट चालू असताना. निळी इरकली नेसल्या होत्या.  सुपरवायझरने कात्री ताटातून पुढे केली, त्यांनी घेतली. कॅमेरावाला म्हणाला, आजी, इकडे बघा. त्यांनी बघितलं नाही. रिबन कापली, आत गेल्या, बटण दाबलं. बिल्डरचा माणूस फोटोसाठी त्यांच्या शेजारी उभं राहायला पुढे सरकला, तोवर दार लागलं आणि लिफ्ट वर गेली.

खाली आम्ही सगळे तसेच उभे. रिबनची दोन टोकं लोंबतायत आणि सुपरवायझरच्या हातात रिकामं ताट. कॅमेरावाल्याने विचारलं, आता कोणाचा काढू. 

कात्री त्या घेऊनच गेल्या. संध्याकाळी बिल्डरचा माणूस मागायला आला होता, चांगली महागाची आहे म्हणे. काकूंनी दार उघडलं नाही. आज सकाळी मी त्यांच्याकडे गेले तर त्या ओट्याशी उभ्या होत्या आणि त्याच कात्रीने दुधाची पिशवी कापत होत्या.

अक्षता